अल्बर्ट कान नुसता कारखानेवाला होता का?

तुमचा प्रश्न असा की डेट्रॉइटचा आर्किटेक्ट अल्बर्ट कान ओळखला जातो कारखान्यांसाठी, मग सेमिनारमध्ये त्याच्या ऑफिस इमारतींवर वेगळं बोलावं का. (अहमदाबादच्या आयआयएमवाला तो लुई कान, हा नव्हे.) बोला की. फक्त कारखाने एका खात्यात आणि ऑफिसं दुसऱ्या खात्यात अशी वाटणी करू नका, तिथेच बहुतेकांची गाडी चुकते.

पॅकार्ड या मोटार कंपनीची १० नंबरची इमारत घ्या, १९०५ सालची. तोवर कारखाने म्हणजे जाड विटांच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि कायम आगीची धास्ती. इथे अल्बर्टने धाकटा भाऊ ज्युलियस याने काढलेली आरसीसीची पद्धत वापरली. खांब दूरदूर गेले, भिंतीवरचा भार फ्रेमने घेतला आणि भिंतीच्या जागी खिडक्या आल्या. पुढे फोर्डचा हायलंड पार्क कारखाना त्यानेच केला. तो १९१० साली सुरू झाला, चालती असेंब्ली लाइन १९१३ साली तिथेच आली.

आता जनरल मोटर्सचं तेव्हाचं मुख्यालय. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेलं, १५ मजली. बाहेरून सगळा क्लासिकल, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन वळणाचा थाट, कारखान्याची आठवणसुद्धा येऊ नये. पण प्लॅन उघडून बघा. मधे एक लांब कणा, त्याला आडव्या चार विंग, विंगांच्या मधे मोकळी जागा. एवढी अवाढव्य इमारत, तरी शेकडो खोल्यांना थेट उजेड आणि वारा. माणसाच्या टेबलापर्यंत उजेड कसा न्यायचा, हाच हिशोब तो कारखान्यात करत होता. थाट मालकासाठी होता, प्लॅन आत बसणाऱ्यांसाठी.

फिशर बिल्डिंग (१९२८) मात्र वेगळी. गाड्यांच्या बॉड्या बनवून गब्बर झालेल्या फिशर भावांना शहराला दाखवायला काहीतरी हवं होतं. संगमरवर, मोझेक, रंगवलेली छतं, कशातच हात आखडलेला नाही. तीन टॉवर ठरले होते, मंदी आली आणि ३० मजल्यांचा एकच उरला. तिचं डिझाइन मुख्यतः कानच्या ऑफिसातल्या जोसेफ फ्रेंचचं, हे आवर्जून सांगा. पाटीवर एकाचं नाव आणि ड्रॉइंग बोर्डावर दुसराच, हे आपल्या धंद्यात काही नवीन नाही.

मंदीत अमेरिकेतली कामं आटली तेव्हा ऑफिसला आधार झाला सोव्हिएत रशियाचा. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्याचं काम मंदीच्या जरा आधी, १९२९ सालीच मिळालं होतं. मग मॉस्कोत शाखाच उघडली, ती दुसरा भाऊ मॉरिट्झ सांभाळायचा. १९३२ पर्यंत तेही संपलं. त्यानंतर ऑफिस पुन्हा मोटार कारखान्यांकडे आणि पुढे युद्धाच्या कामांकडे वळलं. कान १९४२ मध्ये गेला. हा भाग तुम्ही दोन ओळींत उरका, विषय व्यापारी इमारतींचा आहे.

स्लाइडवर हायलंड पार्क आणि जनरल मोटर्सचे प्लॅन शेजारी शेजारी लावा, फोटो नंतर. आधी फोटो दाखवलेत तर चर्चा खांबांच्या शैलीवरच अडकेल.