समलिंगी शिक्षकाला पालक काढू शकतात?

प्रश्न : आमच्या खासगी अनुदानित शाळेतले एक सर समलिंगी आहेत म्हणून काही पालक सह्या गोळा करत आहेत. संस्था त्यांना काढू शकते का? – एक पालक, विटा (जि. सांगली)

उत्तर : नाही. समलिंगी असणं गैरवर्तन नव्हे. प्रौढांमधले संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले. कायम शिक्षकाला बडतर्फ करायला लेखी आरोप आणि चौकशी समिती लागते. समितीत एक सदस्य शिक्षकाने सुचवलेला असतो. हे टाळायला संस्था राजीनामा लिहून घेतात. पण खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७च्या कायद्यात राजीनामा दोन प्रतींत लिहून एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवायची पद्धत आहे. दबावाने लिहून घेतलेला कागद बहुधा तिथेच अडकतो. बडतर्फीवर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुलाशी गैरवर्तन झालं असेल तर मात्र सह्या कसल्या गोळा करता? थेट पोलिसांत जा, शिक्षक कोणीही असो.