‘करोनाची डिग्री’ हा शब्द आधी घरातून काढा

दापोली तालुक्यातील हर्णै परिसरातून एका वडिलांनी पत्र लिहिले आहे. त्यांची मुलगी २०२० साली मुंबई विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि गेली काही वर्षे दापोलीतील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ‘ही करोनाची डिग्री, हिला कोण विचारतो? तिने पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.एस्सी. करावी आणि मग बी.एड. करून शिक्षिका व्हावे, असे मी ठरवले आहे. तिच्या डोक्यात मात्र सार्वजनिक आरोग्याचे खूळ आहे,’ असे ते म्हणतात.

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या पानावरील तिच्या परीक्षेतील गुणांनी मला काळजीत टाकले नाही. शेवटच्या पानावरील एका वाक्याने टाकले. ‘पाहुणे आले की मी तिच्यासमोरच सांगतो, हिची परीक्षा मोबाइलवर झाली,’ असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या मनात यामागे तिच्या भवितव्याची चिंता असेल, पण स्वतःच्या घरात, पाहुण्यांना चहा देताना, आपली तीन वर्षांची मेहनत बापाच्या तोंडून फुकटची ठरताना ती इतकी वर्षे ऐकत आली आहे. अशा मुलीला मुलाखतीत ताठ मानेने बसणे जड जाते, आणि ते पदवीमुळे नव्हे.

त्या मोबाइलवरच्या परीक्षेचे वर्णनही तुम्हीच केले आहे. घरात रेंज नव्हती म्हणून ती सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर गेली, परतीचा पाऊस आला तेव्हा धाकट्या भावाने तिच्यावर छत्री धरली आणि पेपर पाठवला गेल्याचा संदेश येईपर्यंत दोघे तिथेच उभे राहिले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने तुमची सुपारीची बाग आडवी केली होती आणि गावात कित्येक आठवडे वीज नव्हती. त्या वर्षी अभ्यास पूर्ण करून पदवी मिळवणाऱ्या मुलीचे खरे तर तुम्ही पाहुण्यांसमोर कौतुक करायला हवे होते.

आता तुमचा मुख्य गैरसमज. त्या काळात विद्यापीठांनी सगळ्यांना सरसकट वर पाठवले, असे अजूनही पुष्कळांना वाटते, कारण तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षा रद्द झाल्या त्या २०२१ साली. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये, परीक्षा घेणे शक्य नसेल तिथे, अंतर्गत मूल्यमापन आणि आधीच्या सत्राची कामगिरी यांवरून निकाल लावण्याची मुभा दिली. अंतिम वर्षाची गोष्ट निराळी होती. ६ जुलै २०२० च्या सूचनांनुसार ती परीक्षा अनिवार्य होती, मग ती ऑनलाइन असो वा प्रत्यक्ष. आपल्या राज्याने ती न घेण्याचे ठरवले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की परीक्षा पुढे ढकलण्यासाठी आयोगाकडे मुदत मागता येईल, परंतु परीक्षेविना पदवी देता येणार नाही. त्यानंतर मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा घेतली. तुमची मुलगी ज्या परीक्षेला बसली ती हीच, आणि तिची पदवी कायद्याने इतर कोणत्याही वर्षाच्या पदवीइतकीच पूर्ण आहे.

नुकसान काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. विद्यापीठांनी व्याख्याने पडद्यावर नेली, परीक्षा नेल्या, पण कल्चर प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या बशीत, ते रेघा ओढून कसे पसरवायचे किंवा जिवाणू ओळखण्याच्या ग्रॅम स्टेन या रंगचाचणीत रंग नेमका केव्हा धुवायचा, हे पडद्यावरून हाताला येत नाही. प्रयोगशाळा बंद राहिल्या, ही त्या काळातील सर्वांत मोठी उणीव होती आणि ज्यांचे दुसरे वर्ष त्यात गेले त्यांना ती जास्त भोवली. तुमच्या मुलीची मात्र सहांपैकी पाच सत्रे टाळेबंदीपूर्वी वर्गात आणि प्रयोगशाळेत पूर्ण झाली होती, सहावेही मार्चपर्यंत बरेच पुढे गेले होते. उरलेली कसर लॅबमध्ये रोज स्लाइड पाहून तिने केव्हाच भरून काढली आहे. आता तिला पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसवून तुम्ही नेमके काय मिळवणार आहात?

बी.एड.ला राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते आणि त्या परीक्षेला हीच पदवी चालते, पण तिला शिक्षिका व्हायचे आहे असे तुमच्या पत्रात कुठेही नाही. ज्याला तुम्ही खूळ म्हणता, त्याची गरज आपल्या किनाऱ्याइतकी क्वचितच कुठे असेल. सिंधुदुर्गात २०१६ पासून गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळत आहेत आणि भातलावणीच्या दिवसांत दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते. रुग्ण कुठे वाढत आहेत, नमुना वेळेत तपासला गेला का, कोणत्या वाडीत आधी जायचे, हे ठरवणारी माणसे केवळ डॉक्टर नसतात. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अनेक संस्थांत विज्ञान पदवीधरांना प्रवेश मिळतो आणि लॅबमध्ये काम केलेल्या मुलीला त्या अनुभवाचा उपयोग होतो. कोकणात परत येऊन काम करण्याची इच्छा असेल, तर तिच्यासाठी मला याहून योग्य वाट दिसत नाही.

बी.एस्सी.चा नवा अर्ज भरू नका. तिची सहाही सत्रांची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र आणि लॅबचे अनुभवपत्र एकत्र करून ठेवा. तिला नेमके काय शिकायचे आहे आणि का, हे तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एका ओळीतच आले आहे, तेही तुमच्या शब्दांत. म्हणून पुढचे पत्र तिने लिहावे, आणि पाठवण्यापूर्वी ते तुम्ही वाचायला मागू नये, ही माझी विनंती आहे.