घरात बसून पायरेटेड सिनेमा पाहिला तर पोलीस येतात का?

प्रश्न : ताई नमस्कार, धाकट्या दिरांनी आमच्या टीव्हीला एक स्टिक लावून दिलीय, एकदाच १५०० रुपये भरायचे आणि सगळे ओटीटी चालू. सासूबाई दुपारी त्यावर सिनेमे बघतात. परवा मोबाईलवर एक साइट उघडली तर नोटीस आली की नुसतं बघणंसुद्धा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद. तेव्हापासून सासूबाईंनी टीव्हीच बंद करून ठेवलाय. खरंच अटक होईल का? – एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाईंना आधी सांगा, घाबरू नका. अशाच नोटिशीचा विषय २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टात निघाला होता, 'ढिशूम' सिनेमाच्या केसमध्ये. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं की गुन्हा नुसतं पाहण्यात नाही, परवानगी नसताना सिनेमा वाटण्यात, लोकांना दाखवण्यात, विकण्यात आहे, आणि नोटिशीतला मजकूर बदलायला लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाच्या मालकाला जे हक्क दिलेत ते कॉपी काढण्याचे, विकण्या-भाड्याने देण्याचे आणि लोकांपर्यंत पोचवण्याचे, त्यात घरी बसून बघणं कुठे येत नाही.

पण म्हणून सगळं माफ असं धरू नका. सिनेमा डाउनलोड करून पेनड्राइव्हमध्ये ठेवला की ती कॉपी झाली. टॉरेंट, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरमधून फाइल घ्यायची पद्धत, तर त्याहून वाईट, कारण आपल्याला वाटतं आपण फक्त घेतोय, पण स्क्रीनवर नीट बघा, डाउनलोडच्या आकड्याशेजारी अपलोडचाही आकडा पळत असतो, म्हणजे तोच सिनेमा तुमच्या घरातून दुसऱ्यांना जातोय. टेलिग्रामची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकणं, सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावणं, हेही करू नका. जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. तो १५०० घेऊन स्टिक विकणारा यात सापडू शकतो, आणि दिरांनी ओळखीपाळखीच्यांना पैसे घेऊन अशा स्टिक लावून दिल्या असतील तर त्यांना आजच थांबवा.

मला स्वतःला जास्त काळजी त्या स्टिकचीच वाटते. तिच्यातली ॲप्स प्ले स्टोअरवरची नसतात, बाहेरून घातलेली असतात, आणि तुमच्या घरच्याच वायफायवर चालतात ज्यावर तुम्ही बँकेचं कामही करता. तसलंच ॲप कुणी मोबाईलमध्ये टाकलं असेल तर परमिशन उघडून बघा, सिनेमा दाखवायला मेसेज वाचायची परवानगी कशाला लागते हो? ओटीपी मेसेजमध्येच येतो. ॲप काढा, बँकेचा पासवर्ड बदला, स्टिक काढून ठेवा.

शिवाय मराठी निर्माता कर्ज काढून सिनेमा करतो आणि त्याच आठवड्यात तो फुकट फिरायला लागतो, हे मला फार लागतं. सासूबाईंना जुने सिनेमे आवडत असतील तर यूट्यूबवर हक्क असलेल्या कंपन्यांचेच मराठी चॅनेल आहेत, आणि प्रसार भारतीचं 'वेव्ज' ॲप आहे, २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं, त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिकाही आहेत. तेवढं टीव्हीवर लावून द्या त्यांना.