पक्ष्यांच्या गाण्यांवरचं पाश्चात्त्य चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठी लिहिलेलं) म्हणजे नुसती नक्कल असते का? आधी काय ऐकावं?

नक्कल नसते. आधी फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँचं ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ ऐका.

दुसऱ्या महायुद्धात मेसियाँ गोर्लित्झच्या जर्मन छावणीत युद्धकैदी होता. तिथेच १५ जानेवारी १९४१ला या रचनेचा पहिला कार्यक्रम झाला. वाद्यं चारच, कारण वादक कैदी तेवढेच: क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो.

पहिल्या भागात पहाट आहे. क्लॅरिनेट ब्लॅकबर्डचं (आपल्या कस्तुराच्या युरोपीय भाऊबंदाचं) गाणं गातं, व्हायोलिन नाइटिंगेलचं. खाली पियानोवर १७ कालमूल्यांचा (स्वरांच्या लांबींचा) लयबंध आणि २९ स्वरसंघातांची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या कॉर्ड्सची) माळ एकदमच सुरू होतात, पण भाग संपेपर्यंत पुन्हा एकदाही जुळत नाहीत. तेव्हा सम शोधत बसू नका. आणि ती १७ मूल्यं आली कुठून? रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल जोडून! मेसियाँला ते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तल्या १२० तालांच्या यादीत सापडले. यादवांच्या देवगिरीत लिहिलेली ती यादी सुमारे सातशे वर्षांनी एका छावणीत पक्ष्यांच्या गाण्याखाली वाजली, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

तिसऱ्या भागात एकटं क्लॅरिनेट आहे. एक लांब स्वर जेमतेम ऐकू येण्यापासून कान भरून जाईपर्यंत वाढतो. हा हेडफोन लावून, एका बैठकीत ऐका.

नक्कल का नाही, तर पक्षी गातात ते आपल्या वाद्यांना झेपत नाही, इतकं वेगवान आणि उंच असतं. मेसियाँ ते संथ करायचा, सप्तक-दोन सप्तकं खाली आणायचा आणि स्वरांमधली बारीक अंतरं त्याच प्रमाणात रुंदावायचा. १९५२चं ‘ल मेर्ल न्वार’ ऐकलंत की हे लगेच कळेल. पॅरिस कॉन्झर्व्हेटॉर या संगीत विद्यालयाच्या बासरी-परीक्षेसाठी लिहिलेली ती छोटी रचना आहे, फक्त बासरी आणि पियानोची.

त्यानंतर जॉन लूथर ॲडम्सचं ‘साँगबर्डसाँग्ज’ घ्या. या अमेरिकन संगीतकारानं १९७४मध्ये ते सुरू केलं, ध्वनिमुद्रणांवर न विसंबता रानात स्वतः ऐकून. पिकोलो आणि तालवाद्यांच्या या तुकड्यांत कधी वाजवायचं, कधी थांबायचं हे बरंचसं वादकांवर सोडलेलं आहे. म्हणून एकाच तुकड्याची दोन वेगवेगळी वादनं मिळाली तर दोन्ही ऐका.