‘बर्फाळ ढग’ की ‘हिमस्फटिकांचे ढग’?

रडार (रेडिओलहरींनी वेध घेणारे उपकरण) व लिडार (लेझर प्रकाशाने वेध घेणारे उपकरण) यांनी होणाऱ्या उंच ढगांच्या अभ्यासावरील लेखात धुळ्याच्या एका प्राध्यापिकांनी ‘बर्फाळ ढग’ असे लिहिले आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते खोडून ‘बर्फाचे ढग’ केले. यांतले योग्य कोणते, असा त्यांचा प्रश्न आहे.

सहकाऱ्यांची हरकत मला रास्त वाटते. ‘-आळ’ हा प्रत्यय एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीत विपुल असल्याचे सांगतो. ती तिचीच घडली आहे, असे सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याची खडकाळ जमीन ही जमीनच असते, खडक तिच्यात असतात. तंतुमेघांचे तसे नाही. आपल्या अक्षांशांवर साधारण १० ते १६ किलोमीटर उंचीवर दिसणारे हे पिसांसारखे ढग सबंध बर्फाच्या स्फटिकांचेच बनलेले असतात. ‘बर्फाळ’ हे विशेषण शोभेल ते वळवाच्या उंच ढगाला, कारण त्याच्या तळाशी पाण्याचे थेंब असतात, माथ्यावर स्फटिक असतात आणि मधल्या थरात शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब स्फटिकांच्या शेजारी नांदतात.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, कारण उपकरणेही तोच शोधत असतात. लिडारचा लेझर प्रकाश गोल थेंबावरून परतताना त्याचे ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) जवळजवळ तसेच राहते. स्फटिकाच्या पैलूंवरून परतताना मात्र ते बदलते. त्यावरून ढगात पाणी आहे की स्फटिक, हे ठरवता येते. रडारचे गणित वेगळे आहे. त्याच्या लहरींच्या मानाने लहान असलेल्या कणाचा व्यास दुप्पट झाला, तर परतणारा संकेत ६४ पट होतो. म्हणून मोठे स्फटिक त्याला ठळक दिसतात आणि बारीक स्फटिकांचा विरळ थर निसटतो. तो थर लिडारला सापडतो, पण दाट ढगात लिडारचा प्रकाश लवकर संपतो. २००६ मध्ये रडार वाहणारा क्लाउडसॅट आणि लिडार वाहणारा कॅलिप्सो हे उपग्रह एकत्र सोडून मागेपुढे फिरवले गेले, ते याच कारणाने. २०२४ च्या अर्थकेअर उपग्रहावर ही दोन्ही उपकरणे एकत्र आहेत.

‘बर्फाचे ढग’ हा प्रयोग ‘मातीचे घर’ या धर्तीचा असल्याने शुद्धच आहे. तरीही खानदेशातल्या वाचकाला ‘बर्फ’ म्हटले की रसवंतीवरची लादी आठवते, नाहीतर रावेर-यावलच्या केळीबागा झोडपणाऱ्या गारा. ‘हिममेघ’ हा समासही मला इथे जड वाटतो, कारण मराठीत ‘मेघ’ शब्दामागे पाऊस येतो, आणि या ढगांतून खाली येणारे स्फटिक तर जमिनीवर पोहोचण्याआधीच हवेत विरून जातात. म्हणून आपण पहिल्या उल्लेखात ‘हिमस्फटिकांचे ढग’ असे लिहावे आणि पिसांसारख्या ढगांविषयीच बोलत असाल तिथे पुढे ‘तंतुमेघ’ ही रूढ संज्ञा ठेवावी. वळवाच्या ढगाच्या माथ्यावर पसरलेल्या थराला मात्र ती लावू नये.