तत्त्वज्ञ विटगेनस्टाईन वाचायला घेतोयस तर
अरे, आधी डिक्शनरी बाजूला ठेव. इंदूरच्या मराठी माणसाला हे लवकर कळतं बघ. घरी आजी "शिक्षा" म्हणाली की कान पकडायचे, शाळेत हिंदीचे सर म्हणाले की शिक्षण, आवाज तोच पण आपण एका सेकंदात बदलतो, म्हणजे अर्थ शब्दाच्या पोटात नसतो रे, वापरात असतो, त्याचं १९५३ चं पुस्तक "फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स" इथूनच धर.

मग शंकेकडे ये. मूर नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९३९ ला हात दाखवून सांगितलं, हा एक हात, हा दुसरा, म्हणजे बाहेरचं जग आहे. विटगेनस्टाईन म्हणतो इथे "मला माहितीये" हे वाक्यच बसत नाही, कारण शंका घ्यायला पण काहीतरी पक्कं लागतं, दार फिरायचं तर बिजागरी जागेवर पाहिजे. राजवाड्यावरून सराफ्यात जाताना दुकान उघडं असेल का ही शंका ठीक, पण पायाखाली जमीन आहे का, हे तपासणार कशाने? आणि हे पक्कं म्हणजे सिद्ध झालेलं ज्ञान नाही हं, मी स्वतः वर्षभर तसंच समजत होतो. एप्रिल १९५१ मध्ये, मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत विटगेनस्टाईन हे लिहीत होता, "ऑन सर्टन्टी" या पुस्तकातल्या नोंदी त्याच. रोज चार-पाच नोंदीच वाच, घाई नको.