आइस हॉकीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, पंच एवढा धसमुसळेपणा का चालू देतात? चाहत्यांना हे खटकत नाही का?

खटकतं, आणि फार खटकतं. पण मला खुपतं ते धसमुसळेपणापेक्षा दुसरंच काहीतरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली चौदा वर्षं टोरोंटोजवळ मिसिसागात राहतो आणि एनएचएल या इथल्या आइस हॉकी लीगमधल्या टोरोंटो मेपल लीफ्स संघाचा चाहता आहे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या पाहिल्यात, त्यामुळे अंगाला अंग भिडण्याचं मला वावडं नाही. आपल्याकडच्या हॉकीत धक्काबुक्की केली की पंचाचा हात कार्डाकडे जातो. इथे ज्याच्याकडे पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) आहे त्याला खांद्याने धडक देऊन बाजूला सारणं नियमातच बसतं. त्याला चेक म्हणतात. लीफ्सच्या दुसऱ्या फळीच्या संघाचा, मार्लीजचा, एक सामना मी मैदानाभोवतीच्या काचेला अगदी लागून बसून पाहिला. दोघं जण समोरच्या फळ्यांवर येऊन आदळले तेव्हा काचेला टेकवलेला माझा हात कोपरापर्यंत झिणझिणला. पुढच्या क्षणी ते दोघं पकच्या मागे निघूनही गेले होते. हे मला आवडतं, आणि ते बंद व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

नियमात बसत नाही ते वेगळं. काठी दोन्ही हातांनी आडवी धरून पाठीत हाणणं, पायात काठी घालून पाडणं, पक नसलेल्या माणसाला धडकणं, डोक्यावर नेम धरणं. साध्या गुन्ह्याला 2 मिनिटं बाहेर बसायचं, तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी. समोरच्याने गोल केला की ही शिक्षा तिथेच संपते. मोठ्या गुन्ह्याला मात्र 5 मिनिटं, आणि कितीही गोल झाले तरी ती पुरी भोगावी लागतात. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्लेऑफ. लीगमधल्या 32 पैकी 16 संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत आधी चार सामने जिंकेल तो पुढे. म्हणजे तेच दोन संघ पंधरा दिवसांत सात वेळा समोरासमोर येऊ शकतात. पहिल्या सामन्यात घोट्यावर मारलेली काठी चौथ्या सामन्यातही आठवत असते. बरोबरी झाली तर शूटआउट नाही, गोल होईपर्यंत खेळत राहायचं. अशा वेळी दिलेल्या एका पेनल्टीवर, म्हणजे बाहेर बसायच्या शिक्षेवर, अख्खा मोसम संपू शकतो. म्हणून पंचांमध्ये, समालोचकांमध्ये, जुन्या खेळाडूंमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: निकाल खेळाडूंनी लावावा, पंचांनी मध्ये येऊ नये. जानेवारीत ज्याला 2 मिनिटं मिळतात, त्याच गोष्टीकडे मे महिन्यात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात सर्रास कानाडोळा होतो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. समजा, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पंचांनी ठरवलं की शेवटच्या पाच षटकांत नो-बॉल द्यायचाच नाही. फायदा कोणाला? रेषा ओलांडणाऱ्या गोलंदाजाला. पाय मागे ठेवणारा प्रामाणिक गोलंदाज फसला. पंचाने हात वर केला नाही तरी तो मध्ये आलेलाच असतो, फक्त नियम मोडणाऱ्याच्या बाजूने. वेगाने पळणारे, हातात कसब असणारे संघ यात मार खातात आणि पकडून ठेवणाऱ्यांचं फावतं.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण कधीकधी पंच घाबरून भलताच निर्णय देतात. 23 एप्रिल 2019, सॅन होजे विरुद्ध वेगास, सातवा सामना. वेगास 3-0 ने पुढे, अकरा मिनिटांहूनही कमी वेळ उरलेला. फेस-ऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) झाल्या झाल्या वेगासच्या कोडी ईकिनने जो पावेल्स्कीच्या छातीवर काठी आडवी मारली. पावेल्स्कीचा तोल गेला, पडता पडता तो दुसऱ्या खेळाडूला धडकला आणि त्याचं डोकं बर्फावर आपटलं. बर्फावर रक्त दिसलं आणि पंचांनी 5 मिनिटांची शिक्षा दिली. तेवढ्यात सॅन होजेने चार गोल केले. वेगासने शेवटच्या मिनिटात बरोबरी साधली, पण जादा वेळेत ते 5-4 ने हरले. शिक्षा 2 मिनिटांची असती तर पहिल्याच गोलला संपली असती. लीगने वेगासची माफी मागितली, आणि ते पंच पुढच्या फेरीत दिसले नाहीत.

पुढच्या मोसमापासून नियम आला: मारामारी सोडून बाकी कुठलीही 5 मिनिटांची शिक्षा दिली, की पंचांनी स्वतः व्हिडिओ पाहायचा आणि वाटल्यास ती कमी करायची. सुधारणा चांगलीच. पण तिच्यात एक मोठं भोक राहिलं. पंचांनी शिक्षाच दिली नाही, तर व्हिडिओ पाहायचा प्रश्नच येत नाही. सौम्य गुन्ह्याला जास्त शिक्षा झाली तर दुरुस्ती आहे. गंभीर गुन्हा नजरेतून सुटला तर सामना संपेपर्यंत काहीही नाही. असं आधीही झालं होतं: 2012 च्या प्लेऑफमध्ये फिनिक्सच्या राफी टोरेसने शिकागोच्या मारियन होसाला असं धडकलं की होसाला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. बर्फावर चार पंच, पेनल्टी शून्य. नंतर लीगने टोरेसला 25 सामन्यांची बंदी घातली (अपिलानंतर 21). पण तो सामना तर होऊन गेला होता.

आणि आता आमचं दुखणं. 5 मे 2025, फ्लोरिडाविरुद्धच्या मालिकेचा पहिला सामना, टोरोंटोत. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि गोली म्हणून, म्हणजे गोलरक्षक म्हणून, खेळतो. तो टीव्हीसमोर जमिनीवर बसला होता. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडाचा सॅम बेनेट गोलसमोरून जाताना त्याचा हात आमच्या अँथनी स्टोलार्झच्या डोक्याला लागला. पेनल्टी नाही. स्टोलार्झ थोडा वेळ खेळला, मग बाकाशी येऊन त्याला उलटी झाली आणि तो आत गेला तो परत आलाच नाही. त्याला रुग्णालयात नेलं. "बाबा, शिट्टी का नाही वाजली?" मुलाने विचारलं. मी म्हणालो, त्यांना दिसलं नसेल. तो म्हणाला, "मग आपल्याला कसं दिसलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेनेटवर नंतरही काही कारवाई झाली नाही. हाच स्टोलार्झ आदल्या वर्षी फ्लोरिडाच्या विजेत्या संघात होता.

हे केवळ लीफ्सप्रेमातून आलेलं नाही. आमच्याच नाझेम काद्रीला 2018 मध्ये बॉस्टनविरुद्ध 3 सामन्यांची बंदी झाली आणि 2019 मध्ये त्याच बॉस्टनविरुद्ध उरलेली अख्खी मालिका बाहेर बसावं लागलं. दोन्ही वेळा आम्ही सातव्या सामन्यात हरलो. मन खूप दुखलं, पण दोन्ही शिक्षा रास्तच होत्या. तोंडावर काठी मारणारा आपला असला म्हणून ती लागायची थांबत नाही.

पंचांविषयी राग धरू नका एवढी मात्र विनंती. इथले जुने चाहते 1993 ची गोष्ट अजून सांगतात: जादा वेळेत लॉस एंजेलिसच्या वेन ग्रेट्झ्कीची काठी आमच्या डग गिलमरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं, पंच केरी फ्रेझरला दिसलं नाही, आणि थोड्याच वेळात ग्रेट्झ्कीनेच विजयी गोल केला. फ्रेझरने पुढे चूक जाहीरपणे मान्य केली. तेव्हा पेनल्टी देणारा पंच एकच असायचा, आता दोन असतात. खासबागेत पंच दोन पैलवानांच्या हाताच्या अंतरावर फिरतो. इथे दहा जण सुसाट सुटलेले असतात आणि पंचाला स्वतःलाही स्केटवरून वाट काढायची असते. नजर चुकणारच. म्हणून माझी मागणी एकच आहे. डोक्याला मार लागून खेळाडू बाहेर गेला, तर पेनल्टी दिलेली असो वा नसो, पुढे खेळ थांबला की व्हिडिओ पाहा. गोल झाला की नाही हे ठरवायला टोरोंटोत बसलेली माणसं हवा तेवढा वेळ घेतात. डोक्यासाठी एक मिनिट काढता येईल.

ती मालिका आम्ही शेवटपर्यंत पाहिली. मालिकेत 2-0 ने पुढे असूनही सातवा सामना घरच्या मैदानावर 6-1 ने हरलो. त्याचं खापर मी पंचांवर फोडणार नाही. त्या रात्री फ्लोरिडा सरळसरळ सरस खेळली. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी सरावाला निघताना हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघत होता.